संस्कृत येणाऱ्या मराठी माणसाने थाई शिकावी की हिब्रू?

पदच्छेद यांचा प्रश्न :

नमस्कार. मी बत्तीस वर्षे माध्यमिक शाळेत संस्कृत आणि मराठी शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. एक नवी भाषा तिच्या लिपीसह अगदी पहिल्या अक्षरापासून शिकावी ही इच्छा नोकरीत असताना पुरी झाली नाही. आता वेळ आहे, पण मन दोन भाषांमध्ये अडकले आहे, आणि त्या दोन भाषांचा एकमेकींशी काही संबंध आहे असे मला तरी दिसत नाही.

पहिली थाई. गेल्या वर्षी मुलाकडे बँकॉकला गेले, तेव्हा विमानतळाच्या पाटीवर रोमन अक्षरांत चक्क ‘सुवर्णभूमी’ लिहिलेले वाचून मला फार आनंद झाला. टॅक्सीचालक मात्र त्याच विमानतळाला ‘सुवन्नफूम’ म्हणत होता. लिहिलेले आणि बोललेले यांत एवढे अंतर का पडते, हा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे. दुसरी हिब्रू. पुण्यातले लाल देऊळ, म्हणजे १८६७ साली बांधून झालेले ओहेल दाविद हे यहुदी प्रार्थनास्थळ, मी लहानपणापासून बाहेरून पाहत आले आहे. तेथील अक्षरे उजवीकडून डावीकडे वाचतात आणि त्यांत स्वर लिहिलेच जात नाहीत, असे माझ्या वडिलांनी सांगितले होते. स्वरांवाचून शब्द कसा वाचायचा, हे कोडे मला तेव्हाही सुटले नव्हते.

माझे विचारणे असे आहे की, ज्या माणसाला देवनागरी, वर्णमालेची वर्गव्यवस्था, धातू, प्रत्यय आणि संधी यांची सवय आहे, त्याला या दोहोंपैकी कोणत्या भाषेत आपल्या शिदोरीचा अधिक उपयोग होईल? ‘कोणती सोपी’ एवढेच उत्तर मला नको आहे. शिकताना नेमके कुठे अडते आणि का अडते, हे ज्यांनी यांपैकी एक तरी भाषा प्रत्यक्ष शिकली आहे त्यांनी सविस्तर सांगितले, तर मी आभारी राहीन.

चाओफ्रयाकाठी यांचे उत्तर :

पदच्छेदताई, नमस्कार. मी रत्नांच्या व्यापारानिमित्त अकरा वर्षे बँकॉकच्या सिलोम भागात राहतो. पहिली तीन वर्षे मी केवळ कानावर विसंबून थाई बोलत होतो आणि चौथ्या वर्षी लिपी शिकलो. लिपी आधी शिकलो असतो तर बराच त्रास वाचला असता, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करतो.

थाई लिपी ब्राह्मीच्या दक्षिणेकडील शाखेतली आहे. पल्लवांच्या काळची लिपी ख्मेर प्रदेशात, म्हणजे आजच्या कंबोडियात, गेली आणि ख्मेर लिपीवरून थाई घडली. सुखोथाईच्या रामखाम्हेंग राजाचा १२९२ सालचा शिलालेख हा तिचा सर्वांत जुना नमुना मानला जातो. त्याच्या अस्सलपणाबद्दल काही अभ्यासकांनी शंका घेतलेली आहे, पण लिपीच्या वंशाबद्दल वाद नाही. आपल्याला याचा फायदा असा की वर्णमालेचा क्रम आपलाच आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य, त्यानंतर य र ल व, मग तीन प्रकारचे स आणि ह. इतकेच काय, आपला ळसुद्धा तिथे आहे. खेळाला थाईत ‘कीला’ म्हणतात. तो पालीतला ‘कीळा’, म्हणजे आपली क्रीडा, आणि तो आजही ळ काढूनच लिहितात, उच्चारात मात्र ल राहिला आहे. व्याकरणाच्या संज्ञाही ओळखीच्या निघतात. अक्षराला ‘अक्सॉन’, व्यंजनाला ‘फयन्चना’, स्वराला ‘सरा’. मुले अक्षरे पाठ करतात तीही आपल्या ‘क कमळाचा’च्या चालीवर. ‘को काइ’ म्हणजे क कोंबडीचा, ‘खो खाइ’ म्हणजे ख अंड्याचा.

आता अडते कुठे ते सांगतो. थाईत ४४ व्यंजने आहेत, पण उच्चार त्या मानाने फार थोडे. ग आणि घ यांच्या जागी असलेल्या अक्षरांचा उच्चार आज ख असाच होतो, तर द आणि ध यांच्या जागी थ ऐकू येतो. थ या एका उच्चाराची सहा अक्षरे आहेत. म्हणून गुरूचा ‘ख्रू’ झाला, नगराचे ‘नखॉन’ झाले आणि दोषाचा ‘थोत’ झाला. (क्षमा मागताना थाई माणूस ‘खॉ थोत’ म्हणतो. शब्दशः पाहिले तर तो आपला दोष मागून घेतो, आणि हा प्रयोग मला फार आवडतो.) शिवाय शब्दाच्या शेवटी मोजकीच व्यंजने उच्चारता येतात, त्यामुळे अंत्य र आणि ल यांचा न होतो, तर स, श, द यांचा त होतो. आहाराचे ‘आहान’, प्रदेशाचे ‘प्रथेत’. शेवटचा ऱ्हस्व स्वर बहुधा गळतो. तुमच्या टॅक्सीचालकाचे ‘सुवन्नफूम’ याच वाटेने आले. लिहिताना भूमीचा भ आणि शेवटची इ दोन्ही आहेत, पण बोलताना भचा फ झाला आणि इ नाहीशी झाली. ज्या अक्षराचा उच्चार मुळीच करायचा नाही त्याच्या डोक्यावर एक चिन्ह देतात. दूरदर्शन म्हणजे ‘थोरथत’, आणि त्यातल्या शेवटच्या नवर हे चिन्ह बसलेले असते. म्हणजे न लिहायचा, तो तिथे आहे हे जाणायचे, पण उच्चारायचा नाही.

सर्वांत कठीण भाग सुरांचा आहे. थाईत पाच सूर आहेत. सम, नीच, उतरता, उच्च आणि चढता. ‘मा’ सम सुरात म्हटले तर येणे, उच्च सुरात घोडा आणि चढत्या सुरात कुत्रा. ‘खाव’ चढत्या सुरात पांढरा, नीच सुरात बातमी, उतरत्या सुरात भात. हे सूर लिहिण्यासाठी चार चिन्हे आहेत आणि त्यांची नावे ऐकून तुम्हाला घरी आल्यासारखे वाटेल. माइ एक, माइ थो, माइ त्री, माइ चत्तवा, म्हणजे एक, द्वि, त्रि आणि चत्वार. परंतु चिन्ह पाहिले आणि सूर कळला, इतके ते सरळ नाही. व्यंजनांचे मध्य, उच्च आणि नीच असे तीन गट आहेत, अनुक्रमे ९, ११ आणि २४ अक्षरांचे, आणि एकच चिन्ह वेगवेगळ्या गटांवर वेगळा सूर दाखवते. ख या अक्षरावर ‘माइ एक’ दिले तर ‘खा’ नीच सुरात येते आणि अर्थ होतो आल्यासारखे दिसणारे एक कंद. तेच चिन्ह गच्या जागच्या अक्षरावर दिले तर ‘खा’ उतरत्या सुरात येते आणि अर्थ होतो किंमत. घच्या जागच्या अक्षरावर दिले तर उच्चार किंमतीसारखाच हुबेहूब, पण अर्थ ठार मारणे.

इथे संस्कृत शिकवलेल्या माणसाला जो लाभ होतो तो मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडला नाही, माझा मीच एका संध्याकाळी वही घेऊन बसलो असता लक्षात आला. परदेशी विद्यार्थी ४४ अक्षरांचे गट घोकून पाठ करतात. आपल्याला ते वर्गावरून काढता येतात. प्रत्येक वर्गाचे पहिले अक्षर मध्य गटात, दुसरे उच्च गटात, तिसरे, चौथे आणि पाचवे नीच गटात. य र ल व आणि ळ नीच, तिन्ही स आणि ह उच्च. थाईंनी स्वतःच्या ध्वनींसाठी नव्याने घातलेली काही अक्षरे तेवढी वेगळी लक्षात ठेवावी लागतात. जे काम इतरांना कित्येक आठवडे पुरते, ते तुम्ही चार दिवसांत कराल असे मी खात्रीने सांगतो.

एक गोष्ट राहिली. थाईत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, वाक्य किंवा वाक्यांश संपला की सोडतात. तुम्ही घेतलेले नावच पदच्छेद आहे, तेव्हा तुम्हाला हे जाचणार नाही. माझे मत थाईच्या बाजूने आहे.

नवगावची लेक यांचे उत्तर :

पदच्छेदताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण वडिलांनी सांगितलेले जे कोडे तुम्ही मांडले आहे ते माझ्याही घरातले आहे. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे महाराष्ट्रातले यहुदी, मूळचे अलिबागजवळच्या नवगावचे. आमचे पूर्वज कोकणच्या किनाऱ्यावर त्याच गावी उतरले अशी आमच्याकडची परंपरा आहे. तेलाच्या घाण्याचा धंदा आणि शनिवारी काम बंद, यामुळे आम्हाला शनिवार तेली म्हणत. घरची भाषा मराठी, प्रार्थनेची हिब्रू. पेसाहच्या सणाला वाचायची हगादा ही पोथी हिब्रू आणि मराठी अशी समोरासमोर छापलेली असे. १८७४ साली पुण्यात छापलेली तशी एक प्रत प्रसिद्ध आहे. माझी आजी हिब्रू अक्षरे अस्खलित वाचायची आणि अर्थ मात्र मराठी बाजूवरून समजून घ्यायची. मी चोविसाव्या वर्षी इस्राएलला आले. आता अश्दोदमध्ये राहते.

आजीसारखेच मलाही हिब्रू वाचता येते असे मी समजत होते. उल्पानमध्ये, म्हणजे नव्याने आलेल्यांच्या भाषावर्गात, पहिल्या महिन्यानंतर वर्तमानपत्राचे एक पान पुढे आले आणि मला एक ओळसुद्धा वाचता आली नाही. प्रार्थनेच्या पुस्तकात अक्षरांच्या खाली आणि वर ठिपके व रेघा असतात. त्यांना निकुद म्हणतात आणि ते स्वर दाखवतात. गालील प्रांतातल्या तिबेरियास येथील पंडितांनी ही पद्धत साधारण सातव्या ते दहाव्या शतकांच्या दरम्यान घडवली, कारण धर्मग्रंथाचा उच्चार बिघडू नये ही त्यांना चिंता होती. रोजच्या व्यवहारात निकुद नसते. बालपुस्तके, कविता, प्रार्थना आणि नवशिक्यांचे साहित्य एवढ्यातच ते उरले आहे. त्यामुळे स, फ आणि र अशी तीन अक्षरे पुढे आली की ती ‘सेफेर’ म्हणजे पुस्तक असू शकतात, ‘सफार’ म्हणजे त्याने मोजले असू शकतात, किंवा ‘सपार’ म्हणजे न्हावी. कोणता शब्द, हे वाक्य सांगते.

हे ऐकून अशक्य वाटेल, पण हिब्रू ज्या रीतीने शब्द घडवते ती एकदा कळली की स्वर न लिहिणे स्वाभाविक वाटू लागते. बहुतेक शब्दांच्या मुळाशी तीन व्यंजनांचा धातू असतो. तो व्यंजनांचाच असतो, त्याला स्वतःचे स्वर नसतात. स्वर साच्यातून येतात. ‘क-त-व’ हा लिहिण्याचा धातू घ्या. (स्वरानंतरच्या कचा उच्चार उर्दूतल्या घशातल्या खसारखा होतो, म्हणून पुढे कुठे क आणि कुठे ख दिसेल. धातू एकच आहे.) ‘कातव’ म्हणजे त्याने लिहिले, ‘निख्तव’ म्हणजे लिहिले गेले, ‘हिख्तीव’ म्हणजे त्याने सांगून लिहवून घेतले, ‘हित्कतेव’ म्हणजे त्याने कोणाशी तरी पत्रव्यवहार केला. क्रियापदाचे असे सात साचे आहेत. नामेही त्याच धातूतून निघतात. ‘मिख्ताव’ म्हणजे पत्र, ‘क्तोवेत’ म्हणजे पत्ता. ज्या बाईंनी बत्तीस वर्षे कर्तरी, कर्मणी आणि प्रयोजक शिकवले, त्यांच्या हातात ही रूपे पडली की त्या पुस्तक खाली ठेवणार नाहीत, असे मला मनापासून वाटते.

चाओफ्रयाकाठी यांच्याशी माझा मतभेद आहे तो इथे. ओळखीचे शब्द भेटतात याचा आनंद मोठा असतो हे खरे, पण तो आनंद शब्दकोशाचा आहे. ताईंची खरी शिदोरी शब्दरूप पाहून त्यातला धातू हुडकणे ही आहे. थाईत क्रियापदाला रूपेच नसतात असे मी ऐकते, मग त्या शिदोरीचे तिथे काय होणार?

मराठी बोलणाऱ्याला हिब्रूत आणखी एक गोष्ट अगदी सहज जमते. माझ्या वर्गात बऱ्याच देशांचे लोक होते आणि बोलणारा पुरुष की स्त्री यावरून क्रियापद बदलते हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागत असे. आपण ‘मी लिहितो’, ‘मी लिहिते’ म्हणतच वाढलो. हिब्रूत पुरुष ‘अनी कोतेव’ म्हणतो आणि स्त्री ‘अनी कोतेवेत’. समोरच्याला तू म्हणतानाही पुरुषाला ‘अता’ आणि स्त्रीला ‘अत’, आणि पुढचे क्रियापदही त्याप्रमाणे. संस्कृतातले द्विवचनही थोडे शिल्लक आहे. दोन दिवस ‘योमायिम’, दोन तास ‘शआतायिम’, दोन हात ‘यादायिम’.

जड गेले ते वेगळेच. हिब्रूत आदरार्थी सर्वनाम नाही. उल्पानमधल्या आमच्या शिक्षिका साठीच्या होत्या, आणि त्यांना ‘अत’ अशी एकेरी हाक मारताना माझी जीभ कित्येक आठवडे अडखळत राहिली. त्यांनी कधी वाईट वाटून घेतले नाही, कारण त्यांच्या भाषेत त्यात काही गैर नव्हतेच. पण कोकणात वाढलेल्या मुलीला शिक्षिकेला तुम्ही म्हणता न येणे ही लहान गोष्ट नसते.

वर्णविचार यांचे उत्तर :

दोन्ही उत्तरे अनुभवातून आलेली आणि मौलिक आहेत. मी भाषाशास्त्राचा विद्यार्थी आहे, थाई थोडी आणि हिब्रू वाचण्यापुरती जाणतो. मूळ प्रश्नातल्या ‘संबंध दिसत नाही’ या वाक्याबद्दल आधी लिहितो.

कुळाच्या दृष्टीने संबंध नाही. हिब्रू ही सेमिटिक भाषा, अरबी आणि अरामाईक यांची भावंड. थाई ही क्रा-दाई कुळातली, लाओ आणि शान यांच्या शेजारची. तेराव्या शतकात आसामात आलेल्या अहोमांची मूळ भाषाही याच कुळातली होती. थाईतील संस्कृत आणि पाली शब्द उसने घेतलेले आहेत. धर्म, राज्य, विद्या आणि औपचारिक व्यवहार यांत त्यांची गर्दी आहे, परंतु घर, पाणी, भात, येणे, जाणे, खाणे यांचे शब्द थाईचे स्वतःचे किंवा फार जुन्या शेजाराचे आहेत. पदच्छेदताई, विद्यापीठाच्या दारावरची पाटी तुम्ही पहिल्या महिन्यात वाचाल, कारण तिथे ‘महावित्थयालाइ’ लिहिलेले असेल, पण भाजीवालीचे बोलणे ऐकताना संस्कृत तुमच्या मदतीला क्वचितच येईल. चाओफ्रयाकाठी यांच्या उत्तरात ही बाजू थोडी मागे राहिली, म्हणून सांगितले.

कुळे निराळी असूनही या भाषांची ठेवण एका बाबतीत सारखी आहे, आणि ती नेमकी मराठीच्या उलट आहे. दोन्हींत कर्ता, मग क्रियापद, मग कर्म असा क्रम असतो, तर आपले क्रियापद शेवटी येते. दोन्हींत विशेषण नामाच्या मागून येते. मोठे घर हे हिब्रूत ‘बायित गादोल’ आणि थाईत ‘बान याइ’, दोन्हीकडे आधी घर आणि मग मोठे. (बायित आणि बान यांच्या सारखेपणावरून काही अनुमान काढू नये, तो निव्वळ योगायोग आहे.) समासातही मुख्य पद पहिले असते. शाळा म्हणजे हिब्रूत ‘बेत सेफेर’, घर-पुस्तक, आणि थाईत ‘रोंग रियन’, शाला-शिकणे. आपण ‘पुस्तकघर’ किंवा ‘पाठशाळा’ म्हणू, तिथे क्रम उलटा. म्हणजे कोणतीही भाषा निवडली तरी तत्पुरुष समास आरशात पाहिल्यासारखा वाचावा लागणार. मात्र हिब्रूत विशेषणाला नामाचे लिंग आणि वचन घ्यावे लागते, थाईत ‘याइ’ कशापुढेही तेच राहते.

नवगावची लेक यांनी विचारले की थाईत शिदोरीचे काय होणार. थाईत विभक्ती, लिंग, वचन, काळ यांपैकी कशानेही शब्दाचे रूप बदलत नाही, हे खरे आहे. पुढे घडायचे असेल तर क्रियापदाआधी ‘चा’ लागतो आणि घडून गेले असेल तर वाक्यात ‘लेओ’ येतो, तोही संदर्भ पुरेसा असेल तर नसतो. पण म्हणून व्याकरण नाही असे होत नाही, ते शब्दाच्या आतून निघून शब्दांच्या मध्ये जाऊन बसते. मोजताना वस्तूच्या जातीप्रमाणे वेगळा शब्द लागतो. आपण ‘तीन जण’ म्हणतो तसे माणसांना ‘खोन’, जनावरांना ‘तुआ’, आणि पुस्तकांना व सुऱ्यांना ‘लेम’. ‘पुस्तक तीन लेम’ असेच म्हणावे लागते. शब्दरूपाची मेहनत वाचते, ती ऐकण्यात आणि क्रमात भरून द्यावी लागते. हिब्रूत अर्थाचा मोठा वाटा शब्दाच्या पोटात असतो, म्हणून वाचणाऱ्याने धातू आणि साचा ओळखला की लिहिलेले नसलेले स्वर त्याला पुरवता येतात. थाईत एकेका अवयवाच्या शब्दाला पोटच लहान असते, म्हणून तिथे स्वराची लांबी, सूर, सारे काटेकोरपणे लिहावेच लागते. हिब्रूसारखे स्वर गाळून थाई लिहिली तर ती कोणालाही वाचता येणार नाही. माझ्या मते दोन लिप्यांमधला फरक या एका गोष्टीत सामावलेला आहे.

आणि लिप्यांमधले साम्यही आहे, त्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. थ साठी सहा अक्षरे हे थाईचे उदाहरण वर आलेच. हिब्रूत अक्षरे २२ आहेत, तरी ‘तेत’ आणि ‘ताव’ या दोहोंचा उच्चार आज त होतो, ‘काफ’ आणि ‘कोफ’ यांचा क होतो, ‘सामेख’ आणि ‘सीन’ यांचा स होतो. ‘आलेफ’ आणि ‘आयिन’ बहुतेकांच्या तोंडी सारखेच झाले आहेत. एकेकाळी हे ध्वनी निराळे होते, बोलण्यात मिसळले, लेखनात राहिले. आपण ‘शेष’ लिहितो तेव्हा दोन निराळी अक्षरे काढतो आणि बहुधा एकच ध्वनी उच्चारतो, तसेच हे आहे. फरक असा की हिब्रूत तो गेलेला भेद केवळ शुद्धलेखनात उरला, तर थाईत त्याने आपली खूण सुरांमध्ये सोडली. थाईच्या पूर्वरूपात ग, द, ब यांसारखे घोष ध्वनी होते. ते अघोष होत गेले तेव्हा त्यांच्यामागचे सूर वेगळे पडले. चाओफ्रयाकाठी यांनी वर्गावरून गट काढण्याची जी युक्ती सांगितली ती चालते, याचे कारण हाच इतिहास आहे. ब्राह्मीचा उगम अरामाईक लिपीत आहे असे बरेच अभ्यासक मानतात, सगळे मानत नाहीत. ते मत खरे धरले तर आजची हिब्रू चौकोनी अक्षरे, जी अरामाईकमधूनच आली, आणि थाई अक्षरे ही एकमेकांची फार दूरची नातलग ठरतात.

नव्या वस्तूंना नावे देण्याचा प्रकारही लक्षात घेण्याजोगा आहे. हिब्रू सुमारे सतरा शतके कोणाच्याही घरची बोली नव्हती. एलिएझर बेन-येहुदा १८८१ मध्ये जेरुसलेमला आले आणि त्यांनी आपल्या मुलाशी फक्त हिब्रूतून बोलण्याचा निश्चय पाळला. १९२२ मध्ये ब्रिटिश अमलाखालच्या पॅलेस्टाइनमध्ये ती इंग्रजी आणि अरबीबरोबर अधिकृत भाषा झाली. विजेसाठी बायबलमधल्या यहेज्केलच्या ग्रंथातला ‘खश्माल’ हा शब्द उचलला, आणि विचार करणे या अर्थाच्या धातूवरून संगणकाला ‘मख्शेव’ म्हटले. तरीही दूरचित्रवाणीला तिथे ‘तेलेविझ्या’च म्हणतात. थाईने दूरचित्रवाणीसाठी संस्कृतातून ‘थोरथत’ घडवला आणि तो औपचारिक भाषेत रुजला, पण संगणकासाठी गणित आणि करण यांवरून केलेला शब्द मात्र लोकांनी घेतला नाही, ते ‘खॉमफिउतोए’च म्हणतात. आपल्या ‘संगणक’ने ज्या भावंडापेक्षा अधिक नशीब काढले, ते भावंड बँकॉकच्या शब्दकोशात असे पडून आहे.

चाओफ्रयाकाठी यांचे उत्तर :

वर्णविचार यांची दुरुस्ती मला मान्य आहे. बाजारात संस्कृत उपयोगी पडत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे.

नवगावची लेक यांनी आदराबद्दल लिहिले, त्यावर थोडे सांगावेसे वाटते. थाईत याच्या अगदी उलट स्थिती आहे. मी म्हणण्यासाठी पुरुषाचा ‘फोम’, स्त्रीचा औपचारिक ‘दिचन’ आणि जवळच्यांतला ‘चन’. समोरच्याला सर्वनामापेक्षा नात्याने हाक मारतात. थोडा मोठा असेल तर ‘फी’, लहान असेल तर ‘नोंग’, वयस्क पुरुष असेल तर ‘लुंग’. रिक्षावाल्याला दादा आणि भाजीवालीला मावशी म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे शिकवावे लागत नाही. वाक्याच्या शेवटी पुरुष ‘ख्रप’ आणि स्त्री ‘खा’ जोडते. म्हणजे बोलणाऱ्याचे लिंग इथेही कळते, फक्त क्रियापदातून न कळता वाक्याच्या टोकाला कळते. राजघराण्याबद्दल बोलताना तर ख्मेर आणि संस्कृत शब्दांची निराळीच भाषा वापरतात, तिला ‘राचासप’ म्हणजे राजशब्द म्हणतात.

आणि या दोन भाषा एकमेकींना भेटत नाहीत असे मात्र नाही. बँकॉकच्या खाओसान रस्त्यावर हिब्रूतल्या पाट्या मी रोज पाहतो, कारण लष्करी सेवा संपवून फिरायला निघालेली इस्राएली मुले तिथे मोठ्या संख्येने येतात.

नवगावची लेक यांचे उत्तर :

आणि इकडे आमच्याकडे शेतांवर थाई ऐकू येते. इस्राएलच्या शेतीत गेली कित्येक वर्षे हजारो थाई कामगार आहेत, बहुतेक ईशान्य थायलंडमधले. आमच्या बाजारात भाजी घेऊन येणाऱ्या एका शेतकऱ्याबरोबर असा एक तरुण येत असे. त्याला मोजण्यापुरती आणि भावापुरती हिब्रू येत होती. तो ‘शेकेल’ (इथले चलन) हा शब्द ‘शेकेन’ असा म्हणायचा. अंत्य लचा न होतो हे मला आज वरचे उत्तर वाचून कळले. तेव्हा कळले असते तर मी त्याच्याशी अधिक धीराने बोलले असते.

पदच्छेद यांचे उत्तर :

आपण तिघांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मन भरून आभार. गेले दोन दिवस मी हा धागा पुन्हा पुन्हा वाचते आहे. वर्गांवरून व्यंजनगट काढण्याची युक्ती मी पाटीवर लिहून पाहिली आणि ती इतकी नेमकी बसते हे पाहून मला शाळेतल्या वर्गात उभे असल्यासारखे वाटले.

तरीही मी हिब्रू शिकायचे ठरवले आहे. त्याचे एक कारण ‘हिख्तीव’ आणि ‘हित्कतेव’ ही रूपे आहेत, ती माझ्या डोक्यातून जात नाहीत. दुसरे कारण मी आधी सांगितले नव्हते. गेल्या तीन वर्षांत माझा उजवा कान बराच मंदावला आहे आणि यंत्र लावूनही मला आवाजाची चढउतार नीट कळत नाही. मुलाच्या शेजारणीने ‘मा’ हा शब्द मला तीन सुरांत म्हणून दाखवला होता आणि मला तिन्ही सारखेच वाटले होते. ज्या भाषेत अर्थ सुरावर उभा आहे ती मला वाचता येईल, ऐकता येणार नाही, आणि बोलणाऱ्या माणसांशी बोलता यावे म्हणूनच तर मला भाषा शिकायची आहे.

नवगावची लेक, आता तुम्हीच सांगा, पहिल्या आठवड्यात काय करू? निकुद असलेले पुस्तक घेऊ की त्याशिवायचे?

नवगावची लेक यांचे उत्तर :

ताई, निकुद असलेलेच घ्या, पण पहिल्या दिवसापासून प्रत्येक शब्द एकदा निकुद झाकूनही वाचा. मी ते केले नाही म्हणून वर्तमानपत्रापाशी अडले. दुसरे असे की हाताने लिहायची अक्षरे छापील अक्षरांपेक्षा निराळी असतात, ती दोन्ही एकदमच शिकून घ्या, मागाहून शिकणे कंटाळवाणे होते.

सुरुवात ‘शालोम’ या शब्दाने करा. तो चार अक्षरांत लिहितात, उजवीकडून शीन, लामेद, वाव, मेम. यातला ‘आ’ कुठेच लिहिलेला नाही, तो तुम्ही पुरवायचा. ‘ओ’ मात्र वावने दाखवला आहे, कारण वाव हे व्यंजन असूनही स्वराचे काम करते. शेवटचा मेम तुम्हाला पुस्तकातल्या तक्त्यातल्या मेमसारखा दिसणार नाही, चारी बाजूंनी बंद असा चौकोन दिसेल. पाच अक्षरांना शब्दाच्या शेवटी असे वेगळे रूप असते आणि मेम त्यांपैकी एक आहे. आता श-ल-म हा धातू वेगळा काढून ठेवा. ‘शालेम’ म्हणजे पूर्ण, ‘मुश्लाम’ म्हणजे परिपूर्ण, ‘तश्लूम’ म्हणजे रक्कम चुकती करणे, ‘हिश्लीम’ म्हणजे त्याने पुरे केले. हे चार शब्द निकुदाशिवाय वहीत लिहा, प्रत्येकात धातूची तीन अक्षरे कोणती आणि साच्याची कोणती ते दोन रंगांनी दाखवा, आणि ‘हिश्लीम’ हे रूप वर आलेल्या कोणत्या क्रियापदाच्या साच्यातले आहे ते मला कळवा.